अस्तराचा रंग

रंगांची नावं मी आईकडून शिकले, आणि शाळेत ती कुठेच उपयोगी पडली नाहीत. सिंगापूरला यिशुनच्या शाळेत एकदा मी चित्राखाली ‘श्रीखंडी’ असं इंग्रजी अक्षरांत लिहिलं, तर बाईंनी हे कुठल्या गावाचं नाव म्हणून विचारलं. आमच्याकडे पिवळा कधी नुसता पिवळा नसायचा. तो हळदी असायचा, लिंबू असायचा, श्रीखंडी असायचा, आणि चार उन्हाळ्यांनी विटला की ‘आजारी’ असायचा. आई सावंतवाडीची, जिथे लाकडी खेळणी आणि रंगवलेले पाट-चौरंग करतात त्या गावची. लग्नात तिला लाल-पिवळ्या वेलबुट्टीचे दोन पाट आणि एक चौरंग मिळाले होते, ते तिने बोटीने सिंगापूरपर्यंत आणले, आणि उघडं लाकूड दिसलं की तिचे हात शिवशिवायचे. बाबा पुण्याचे, सेंबावांगच्या गोदीत जहाजदुरुस्तीचे इंजिनिअर. लाकडाला पॉलिश, लोखंडाला रंग, यापुढे चर्चा नाही, असा त्यांचा खाक्या. एका घरात ही दोन माणसं, मग भिंतींची आणि कपाटांची काय दशा होत असेल ते तुम्हीच समजा. स्टुलाला आईने रंग दिला की बाबा त्याच्यावर बसायचे नाहीत. ‘वाळला नसेल’ म्हणायचे, महिना झाला तरी.

आमचा ब्लॉक तेव्हा मोतिया रंगाचा होता, मजल्यामजल्यावर तपकिरी पट्टे. त्या काळी सगळं तपकिरीच होतं. सोफे तपकिरी, कपाटं तपकिरी, दिवाणखान्यातल्या शोकेसची काच सुद्धा तपकिरी. आमचं घर चौथ्या मजल्यावर, लांबलचक कॉरिडॉरच्या अगदी टोकाला. दाराबाहेर लोखंडी जाळीचं दार, वर नक्षी आणि खाली निम्म्यावर पत्रा, आणि तेही बाबांनी तपकिरीच रंगवलेलं. कॉरिडॉरच्या कठड्याशी आईची तुळस. समोर गवताचं मैदान, आणि मैदानापलीकडे उंच खांबांवरून नुकतीच सुरू झालेली MRT, म्हणजे शहराची लोकल. गाडी गेली की आमच्या फडताळातल्या स्टीलच्या वाट्या किणकिणायच्या. शेजारी लिम आंटींकडे दुपारभर माजाँगच्या सोंगट्यांचा खळखळाट चाले, खालून जुनं सामान घेणारा भोंगा वाजवत फिरे, आणि आमच्या स्वयंपाकघरातून फोडणीचा वास सगळ्या मजल्यावर पसरे. लिम आंटी नाकाला रुमाल लावून आमच्याकडे यायच्या आणि डबाभर चकल्या घेऊन जायच्या.

फिकट रंगांची फॅशन आमच्या घरात आणली ती वसूताईने. वसुधा माझी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, शहरात एका बँकेत नोकरीला. तिने कुठल्याशा दुकानाच्या खिडकीत रंगवलेलं पांढरं-हिरवं फर्निचर पाहिलं आणि घरी येऊन सांगितलं की आता गडद लाकूड कोणी ठेवत नाही, सगळं दुधात बुडवल्यासारखं हवं. तिचं ड्रेसिंग टेबल होतं, कुणीतरी घर सोडताना दिलेलं, पॉलिश उडालेलं. एका रविवारी आई आणि ताईने ते कॉरिडॉरमध्ये काढलं, पॉलिशपेपरने घासलं, आणि पिस्ता रंग लावला. कसला रंग होता तो! पिस्त्याच्या सालीखालचा, कोवळा, थोडा पिवळसर. ताईच्या नाकाच्या शेंड्याला लागला होता आणि आई हसून हसून खाली बसली होती. बाबा आतून म्हणाले, “छान. आता त्याच्यावर बदाम लावा, बर्फी म्हणून वाटू.” आम्ही तिघी किती हसलो. ते ड्रेसिंग टेबल पाहायला वरच्या मजल्यावरच्या बायका आल्या, आणि पुढच्या महिन्यात दोघीतिघींनी आपापली कपाटं काढून रंगवली. उरलेला अर्धा डबा आईने बाहेरच्या खोपट्यात, म्हणजे कॉरिडॉरमधल्या अडगळीच्या कपाटात, बादल्यांच्या मागे ठेवून दिला. आमचं घर एवढं आनंदात मी त्यानंतर कधी पाहिलं नाही.

ताईला मिंगशी लग्न करायचं होतं. मिंग तिच्याच बँकेत होता, शांत, चष्मा लावणारा. मी त्याला दोनदाच पाहिला होता आणि दोन्ही वेळा त्याने मला आइस्क्रीम घेऊन दिलं होतं, त्यामुळे माझं मत पक्कं होतं. बाबांचं मतही पक्कं होतं. त्यांना मिंगबद्दल राग नव्हता, हे मला आज कळतं. ताईने आधी लग्नासाठी नाव नोंदवलं आणि मग घरी सांगितलं, ते त्यांना लागलं. माणूस फार बोलणारा नव्हता. चार दिवस घरात ताटं वाजत राहिली, पाचव्या दिवशी बाबांनी पेपरमधून डोकं वर न काढता सांगितलं, “जायचं तर जा. मग या दाराशी यायचं नाही.” ताई त्यांचीच मुलगी. तिने बॅग भरली.

आई तिला लिफ्टपर्यंत पोचवायला गेली, आणि मी आईचा पदर धरून मागे. लिफ्ट यायला वेळ लागत होता. आईने ताईच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, “वसू, तू गाडीने जाशील-येशील ना? दार दिसतं तुला तिथून. तपकिरी आहे तोवर येऊ नकोस, हे अपमान करतील आणि तो मला बघवणार नाही. ह्यांचा राग उतरला की मी दाराला आपला पिस्ता लावीन. ज्या दिवशी दिसेल त्या दिवशी ये. विचारायला थांबू नकोस.” ताईने मान हलवली. लिफ्टचं दार बंद झालं.

आई घरात आली तर बाबा देवापाशी उभे. त्यांनी आईकडून शपथ घेतली. मुलीला भेटणार नाही, बोलणार नाही, फोन करणार नाही, आणि तिच्यासाठी माझ्याकडे शब्द टाकणार नाही. टाकलास तर माझं मेलेलं तोंड बघशील. आजच्या मुलींना सांगितलं तर त्या हसतील. माझी लेक तर म्हणते, “जस्ट ब्रेक द प्रॉमिस लाह, आजी.” पण आईसाठी ती शपथ म्हणजे बाबांचा जीव तिच्या मुठीत दिल्यासारखं होतं. मूठ उघडायची कशी? मला त्या शपथेचा आजही संताप येतो. बाबा गेले, मी म्हातारी व्हायला आले, तरी संताप येतो. आणि आईने काय केलं? लिफ्टपाशी मी सगळं ऐकलं होतं, म्हणून तिने मला स्वयंपाकघरात ओढून नेलं आणि म्हणाली, “तुला माझी शपथ आहे नंदू, रंगाचं ह्यांना कळता कामा नये.” एका शपथेला दुसऱ्या शपथेचं कुलूप. मी तेव्हा पंधरा वर्षांचीही नव्हते.

ताईचं सासर वूडलँड्सला. तिथे तेव्हा गाडी जात नव्हती, लोक बसने यिशुनला येत आणि पुढे MRT धरत. म्हणजे ती रोज आमच्या स्टेशनवर येत होती, रोज आमच्या ब्लॉकसमोरून जात होती, आणि आई शपथेपायी सकाळी स्टेशनच्या बाजूला फिरकतसुद्धा नव्हती. पण तुळशीला पाणी घालायला शपथेत बंदी नव्हती. सकाळी ऑफिसच्या वेळेला आई तांब्या घेऊन कॉरिडॉरमध्ये उभी राहायची. एवढंसं रोप, त्याला किती पाणी लागणार? ती धार अगदी सुतासारखी बारीक धरायची. एक गाडी जायची, दुसरी जायची, तिसरी जायची. कुठल्या गाडीत ताई आहे हे तिला ठाऊक नसायचं, म्हणून ती प्रत्येक गाडीकडे तोंड करून उभी राहायची. तांब्या रिकामा झाला की नुसताच वाकडा धरून. तुळस त्या वर्षी अतिपाण्याने दोनदा कुजली. आईने लिटिल इंडियातून नवं रोप आणलं आणि पुन्हा तोच तांब्या.

खोपट्यातला पिस्त्याचा डबाही ती सांभाळत होती. बाबा गोदीत गेले की झाकण उचकटायची, वर धरलेली साय बोटाने बाजूला करायची, थोडं थिनर घालून लाकडाच्या पट्टीने ढवळायची. दूध नासायला नको म्हणून तापवतात तसं. मग झाकण ठोकून बादल्यांमागे.

पहिली दिवाळी गेली. बाबांनी दिवाळीआधी नेहमीप्रमाणे लोखंडी दारावर तपकिरीचा हात मारला. दुसऱ्या वर्षी मात्र सगळी हवाच बदलली. आमच्या ब्लॉकला बांबूच्या परांच्या लागल्या, माणसं दोरांवरून खाली उतरू लागली, आणि महिनाभरात मोतिया-तपकिरी ब्लॉक गुलाबी, पीच आणि फिक्कट हिरवा होऊन बसला. आजूबाजूचे ब्लॉकही तसेच, सगळं यिशुन एखाद्या मिठाईच्या खोक्यासारखं. मग लोकांना आपली तपकिरी दारं डोळ्यांत सलायला लागली. एकाने पांढरं केलं, दुसऱ्याने आकाशी, लिम आंटींनी गुलाबी. सगळ्या मजल्यावर एकटं आमचं दार तपकिरी उरलं. जळलेल्या पोळीसारखं दिसतंय, असं मी आईला म्हटलं, आणि आईच्या चेहऱ्यावर अचानक काहीतरी उजळलं. तिला फॅशनचं निमित्त सापडलं होतं. ताईचं नाव काढायला नको, शब्द टाकायला नको. फक्त दार रंगवायचं, शेजारणींनी रंगवलं तसं. मग ताई आली की आली. उंबऱ्यात उभ्या असलेल्या लेकीला हे घालवून देणार नाहीत, एवढा भरवसा आईला त्यांच्याबद्दल अजून होता.

म्हणून दिवाळीच्या आधी आईने जेवताना विषय काढला. बाबांच्या आवडीचं सगळं होतं त्या दिवशी पानात, भरली वांगी, खोबऱ्याची चटणी, ताक. आई म्हणाली की सगळ्यांची दारं कशी छान झालीत, आपलंही यंदा हिरवट करू या का, ब्लॉकला शोभेल. मीही जोर लावला, माझ्या मैत्रिणी हसतात म्हणाले. बाबांनी वांगं संपवलं, ताक प्याले, आणि म्हणाले, “लोक उद्या निळे होतील, परवा पांढरे होतील. आपलं दार जसं होतं तसंच राहील.” आई म्हणाली, अहो पण का? त्यावर ते उठून हात धुवायला गेले. इतका हट्टी माणूस मी पाहिला नाही, असं मला वाटलं. आईने ताटातला भात तसाच ठेवला.

त्यानंतरचा शनिवार. बाबांना सुट्टी होती. सकाळीच त्यांनी स्टूल, तारेचा ब्रश, पॉलिशपेपर असं सगळं बाहेर मांडलं. दरवर्षी ते जुन्या रंगावरच नवा हात फिरवायचे, पण यंदा पत्र्याच्या खालच्या कडेला गंज दिसला होता, म्हणून त्यांनी सगळं दार लोखंड दिसेपर्यंत खरवडायला घेतलं. एवढी मेहनत ते का घेताहेत हे आम्हाला कळेना. आई आत करंज्यांचं सारण परतत होती, मी पाऱ्या लाटत होते, बाहेरून खर्र खर्र आवाज येत होता. दुपारच्या सुमारास आवाज थांबला आणि रंगाचा वास आला. आई हात पुसत बाहेर गेली आणि तशीच थबकली. मी मागून डोकावले. बाबा स्टुलावर बसून दाराला रंग देत होते, आणि दार पिस्ता रंगाचं झालं होतं.

ते अस्तर होतं. गोदीत जहाजांच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून आधी एक पिवळसर हिरवा हात देतात, तो. बाबांनी आधी कधी घरी वापरला नव्हता. हुबेहूब पिस्ता नव्हता तो, जवळून पाहिला तर थोडा कडक होता. पण मैदानापलीकडून कोण जवळून पाहणार होतं? आई दारापाशी उभी होती आणि समोरून गाडी जात होती. शनिवारी बँका अर्धा दिवस असायच्या. ताईची घरी परतायची वेळ तीच.

आईने कठडा धरला. मग बाबांना म्हणाली, “अहो, हाच रंग राहू द्या. किती छान दिसतोय.” बाबा म्हणाले, “अगं, अस्तर आहे हे. अस्तर कोणी उघडं ठेवतं का?” उद्या सकाळी यावर तपकिरी देतो, मग बघ, अशी वर पुस्ती. आई हसल्यासारखं करून आत आली. करंज्यांचा दुसरा घाणा तिने करपवला, आणि करपलेल्या करंज्या तिने आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा केल्या.

रविवारी सकाळी तिने जे जे केलं ते आठवलं की मला आजही भरून येतं. बाबांना उठू दिलं नाही, तुम्ही दमलात म्हणून चहा अंथरुणात नेऊन दिला. मग फराळाचं चाखायला बसवलं. मग देवाची भांडी घासून द्या म्हणाली. ब्रश थिनरमध्ये बुडवून कुठे ठेवला ते तिला आठवेनासं झालं. मला तिने कानात सांगितलं, खाली जाऊन बस, ताई दिसली तर कुठल्याही परिस्थितीत वर घेऊन ये. मी ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, टपालपेट्यांजवळ सिमेंटच्या बाकावर जाऊन बसले. स्टेशनकडून येणाऱ्या प्रत्येक बाईकडे बघत होते. पण बाबांना किती थोपवणार? त्यांनी दुसरा ब्रश काढला. मी वर मान करून पाहिलं तर टोकाचं दार वरून खाली तपकिरी होत चाललं होतं. मग कठड्यावरून बाबांनीच हाक मारली, नंदू, जेवायला ये, पानं मांडलीत. मी वर गेले.

ताई त्यानंतर आली. हे मला लिम आंटींनी सांगितलं, संध्याकाळी, लिफ्टपाशी, त्यांच्या मोडक्या इंग्रजीत. तुझी सिस्टर आली होती लाह, म्हणाल्या, बेबी घेऊन. बेबी! आम्हाला ठाऊकसुद्धा नव्हतं. छोटीशी मुलगी, पिवळा झगा, आणि ताईच्या हातात मिठाईचं खोकं. टपालपेट्यांपाशी उभी होती आणि वर बघत होती, खूप वेळ. आंटींनी विचारलं, वर का जात नाहीस? तर ताई म्हणाली, काल गाडीतून मी स्वतः पाहिलं, बाबा आपल्या हाताने हिरवा रंग लावत होते. मी रात्रभर झोपले नाही. आंटी म्हणाल्या, आज सकाळी पुन्हा ब्राऊन केला की त्यांनी. त्यावर ताई म्हणाली, “म्हणजे त्यांनी विचार बदलला.” आंटींनी तिचा हात धरून ओढलं, पण तिने मान हलवली, बाळाला छातीशी धरलं, आणि मिठाईचं खोकं तसंच हातात घेऊन स्टेशनकडे गेली.

मी हे आईला सांगितलं तेव्हा ती पाटावर बसून रांगोळीचे रंग वाट्यांत काढत होती. वाट्या तशाच ठेवून उठली, खोपट्यातून तो पिस्त्याचा डबा काढला, झाकण उचकटलं, साय काढून फेकली आणि भरलेला ब्रश घेऊन थेट दाराशी गेली. ब्रशमधून थेंब फरशीवर गळत होते. मी मनात म्हणत होते, लाव, आई, लाव. आतून बाबांनी विचारलं, “काय करतेस गं बाहेर?” आईने ब्रश खाली घेतला. मग म्हणाली, “काही नाही. रंग वाळला का बघते.” आणि परत आली. फरशीवरचे थेंब तिने फडक्याने पुसले आणि मग त्या फडक्यात तोंड खुपसून रडली. मला वाटतं, ताईने जे पाहिलं होतं ते बाबांच्या हाताने लावलेलं होतं आणि बाबांच्याच हाताने पुसलेलं होतं; त्यावर आता आईच्या हाताला काही अर्थ उरला नव्हता.

त्या दिवसानंतर ताई गाडीत कुठल्या बाजूला बसत होती, आमच्याकडे बघत होती की नाही, कोण जाणे. आई तांब्या घेऊन उभी राहतच होती. पुढच्या पावसाळी दिवसांत आंटींनीच कुठून तरी बातमी आणली की ते लोक ऑस्ट्रेलियाला, पर्थला गेले. आईने त्या दिवशीही तुळशीला पाणी घातलं, पण लवकर घातलं आणि आत आली. बाबा दर दिवाळीला दार तपकिरी करत राहिले. आजूबाजूला दारं पांढरी झाली, मग काळी झाली, पिस्ता आणि गुलाबी लोकांना बालिश वाटायला लागले, आमचं दार हलेना. मला त्यांचा इतका राग यायचा की दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मी त्यांच्याशी धड बोलायचे नाही.

मी कॉलेजात असताना एका संध्याकाळी मिंगचा फोन आला. फोन बाबांनी उचलला. नुसतं यस, यस म्हणत राहिले, मग खुर्ची ओढून बसले. ताईला पोटाचा आजार निघाला होता, कळेपर्यंत उशीर झाला होता, सगळं आटपलंही होतं. आई भिंतीला धरून उभी होती. बाबांनी फोन मांडीवर ठेवला. मग आमच्याकडे न बघता, दाराकडे बघत म्हणाले, “तिने यायला हवं होतं गं. मी रंगसुद्धा बदलला नाही दाराचा. सगळा ब्लॉक बदलला, म्हटलं निदान आपलं दार तिला ओळखू यावं. गेली तेव्हा होतं तसंच ठेवलं मी. दर वर्षी.”

मी आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्या एका क्षणात तिने मला डोळ्यांनी जे सांगितलं ते मी आजवर पाळलं. शपथ होती म्हणून नाही. त्या माणसाला हे कसं सांगायचं, की तुम्ही ज्या रंगाने तिला बोलावत होतात तोच रंग तिला नको येऊ म्हणत होता? आई पुढे गेली, त्यांच्या मांडीवरचा फोन उचलून जागेवर ठेवला, आणि त्यांचं डोकं पोटाशी धरलं. बाबा लहान पोरासारखे हुंदके देत होते. आई त्यांच्या केसांवरून हात फिरवत म्हणत राहिली, हो, हो, ओळखलं असतं तिने, ओळखलं असतं.

त्यानंतर बाबांनी दाराला कधी ब्रश लावला नाही. ते आणखी बरीच वर्षं जगले, आणि आई त्यांच्या शेजारी ते सगळं पोटात घेऊन जगली. अनारसे करत, भांडत, त्यांच्या गोळ्या मोजत. मला हे जमलं नसतं. मला ती थोर वाटते असंही नाही; कधी कधी वाटतं, तिने एकदा त्यांच्यावर ओरडायला हवं होतं, चार ताटं आपटायला हवी होती. पण ते माझं वाटणं झालं.

मी आता पुन्हा याच घरात राहते. बुओना व्हिस्टा भागातली नोकरी संपली, लेक आपल्या संसारात रमली, आणि आईला एकटं ठेवणं शक्य नव्हतं. गेल्या वर्षी ब्लॉकला पुन्हा रंग निघाला. खाली लिफ्टपाशी तीन चित्रं लावली होती, कुठलं हवं त्याला मत द्या म्हणून. तिन्ही राखाडी, एक गडद, एक फिकट, एक मधलं. मी आईला चाकांच्या खुर्चीवरून खाली नेऊन दाखवलं. ती म्हणाली, “हा भांडी घासायचा रंग. याला कसलं मत द्यायचं?” लेकीच्या घरी फर्निचरही राखाडीच आहे, भिंतीही राखाडी, आणि छान दिसतं असं मला म्हणावं लागतं. रंगाबरोबर सगळ्या मजल्याची जुनी लोखंडी दारंही बदलून मिळणार होती. आमचं दार काढायला दोन कामगार आले. बिजागऱ्या गंजून धरल्या होत्या, त्यांनी हातोडा मारला, आणि पत्र्यावरून रंगाचे मोठाले पापुद्रे सुटून फरशीवर पडले. मी केरसुणी घेऊन भरायला गेले. एक पापुद्रा तळहाताएवढा होता, जाड, वरून तपकिरी. मी तो उलटा केला. पाठ पिवळसर हिरवी होती, अगदी ताजी, कालच लावल्यासारखी.

दार गाडीवर चढून गेलं. मी तो पापुद्रा घेऊन आत आले आणि आईच्या हातात ठेवला. तिला हल्ली कमी दिसतं, बऱ्याच गोष्टी विसरते, माझ्या लेकीला कधी कधी वसू म्हणते. तिने तो खिडकीच्या उजेडात धरला, उलटा केला, त्या हिरव्या बाजूवरून अंगठा फिरवला. बाहेर गाडी गेली. ती गाडी जाईपर्यंत थांबली. मग पापुद्रा माझ्या हातात परत देऊन, भिंतीवरच्या बाबांच्या हार घातलेल्या फोटोकडे एकदा बघून, हळूच म्हणाली,

“आत नेऊन ठेव. ह्यांना दिसायला नको.”